लग्नाचा चौक

आमच्या अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे २४ हात लांब आणि अडीच हात रुंद कापडावर त्यांनी पंचीकरणाचा विषय अक्षरांनी आणि आकृत्यांनी मांडला आहे. शाळेची मुले ती पाहावयास नेली, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘हे कुणी लिहिले?’ कर्त्याचे नाव कळले, की कलाकृती अर्धी कळली असे आपल्याला वाटते. कादंबरीसाठी माहिती गोळा करण्याच्या निमित्ताने मी डहाणू तालुक्यातल्या एका वारली पाड्यावर गेलो, तेव्हा हीच सवय बरोबर घेऊन गेलो होतो.

ते लग्नघर होते. आतल्या खोलीची कुडाची भिंत सारवून गेरूने रंगवलेली. तांदळाच्या पिठाचे पाणी आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी, एवढेच साहित्य. सवाशिणी चौक काढीत होत्या. मधोमध पालघट देवी, भोवती नक्षीच्या किनारी. धवलेरी गाणी म्हणत होती. चौकावाचून लग्न लागत नाही. मी सारे वहीत टिपले आणि शेवटी विचारले, ‘हा चौक कुणाचा?’ एक बाई म्हणाली, ‘लग्नाचा.’ मला हाताचे नाव हवे होते. तिने कामाचे नाव सांगितले.

१९७० नंतरच्या काही वर्षांत भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने वारल्यांच्या हाती कागद दिला. त्यातून गंजाडचे जिव्या सोमा मशे जगापुढे आले. १९८९ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रे होती. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या मोठेपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. बारीक रेघांनी विणलेले त्यांचे मासळीचे जाळे पाहताना ते हलते आहे असा भास होतो. परंतु चौक हा सवाशिणींचा होता, आणि कागदावर सह्या आल्या त्या प्रथम पुरुषांच्या. चित्राला नाव मिळाले, त्याच वेळी ज्या हातांनी ते पिढ्यान्‌पिढ्या जपले ते मागे पडले. आमची समीक्षा या गोष्टीचा उल्लेख करते. तिच्यापाशी थांबत मात्र नाही.

याहून मोठी उणीव दुसरीच आहे. वारली चित्रांवरील लेखांत निसर्गाशी एकरूप झालेल्या निरागस आनंदाचे वर्णन हमखास येते. असे लिहिणाऱ्याने गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचावयास हवे. १९७० साली प्रसिद्ध झालेले आणि १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेले हे पुस्तक चित्रांविषयी नाही. ते १९४५ च्या वारल्यांच्या उठावाविषयी आहे. त्यात लग्नगडी भेटतो. लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे उचलायचे आणि त्यापायी नवराबायकोने त्याच्या घरी राबत आयुष्य काढायचे, असा तो रिवाज होता. उठावाने वेठबिगारीबरोबर तोही मोडला.

म्हणजे ज्या लग्नासाठी सवाशिणी चौक काढीत, तेच लग्न कित्येकांना गुलामीच्या दारात नेऊन उभे करी. हे कळल्यावर तारप्याभोवती हात गुंफून फेर धरणारी ती माणसे मला निराळी दिसू लागली. त्यांचा आनंद खोटा वाटला नाही. उलट तो किती महाग पडला होता, हे उमगले. कलेवरची पुस्तके एका फळीवर आणि लढ्याची दुसऱ्या फळीवर, अशी आमची वाचनाची रीत आहे. वारल्यांची भिंत मात्र एकच आहे.

घरी येऊन वही उघडली. गेरू, पीठ, काडी, सगळे नीट उतरले होते. त्या सवाशिणींचे एकही नाव नव्हते, आणि या लग्नाचा पैसा कुठून उभा राहिला, हे मी विचारलेच नव्हते. हस्तकला शिकावयास गेलेला माणूस साहित्याची यादी घेऊन परतला होता.

पुढे मुलांना घेऊन पुन्हा पासोडी पाहावयास गेलो. ठरलेला प्रश्न आला, ठरलेले उत्तर दिले. मग मीच मुलांना विचारले, ‘आणि हे कापड कुणी विणले असेल?’ इतक्या वर्षांत हा प्रश्न मी त्यांना कधी शिकवला नव्हता.