रूथचा ग्रंथ : सासूच्या बाजूने

जुन्या करारातील रूथचा ग्रंथ अवघा चार अध्यायांचा, ८५ वचनांचा. आदर्श सुनेची कथा म्हणून तो आपल्या परिचयाचा आहे. रूथने सासूला अंतर दिले नाही, तेव्हा सुनांनी तिचा कित्ता गिरवावा, एवढा बोध घेऊन आपण थांबतो. या वाचनात कथेचा अर्धा भाग झाकला जातो, आणि तोच नेमका सासरच्या मंडळींसाठी आहे.

पती व दोन्ही पुत्र गमावलेली नामी मवाबाहून बेथलेहेमला निघते, तेव्हा ती सुनांना माहेरी परतण्यास सांगते. त्यांना पुन्हा पती व घर लाभावे, अशी प्रार्थना करते. वृद्धापकाळी सोबत हवी म्हणून ती कोणालाही अडवीत नाही. अर्पा रडत परत फिरते. लेखक तिला शब्दानेही दोष देत नाही. आधी सासूने हक्क सोडणे आणि मग सुनेने आपखुशीने राहणे, असा हा क्रम आहे. तो उलटा करून रूथची निष्ठा मागता येत नाही.

शब्दयोजनाही लक्षणीय आहे. निवेदक रूथला वारंवार 'सून' म्हणतो. नामीच्या तोंडी मात्र तिच्यासाठी 'मुली' हीच हाक आहे. 'लेकी बोले सुने लागे' ही म्हण जपणाऱ्या आपल्या समाजाने याची नोंद घ्यावी.

तरीही लेखकाने नामीला निर्दोष रंगविलेले नाही. बेथलेहेमला पोचताच ती गावच्या बायकांना सांगते की, परमेश्वराने मला रिकामी परत आणले. आणि रूथ तिच्यासोबतच आलेली असते! समोर असूनही मोजली न जाणारी सून आपल्या घरांतही आढळते. याचे उत्तर चौथ्या अध्यायात बायकाच देतात : ही सून नामीला सात पुत्रांहून अधिक आहे. मूळ हिब्रू ग्रंथात 'प्रेम करणे' हे क्रियापद एकदाच येते, ते येथे, सुनेच्या सासूवरील प्रेमासाठी.

जावयाविषयी मात्र हा ग्रंथ मौन पाळतो. त्यासाठी निर्गमाचा १८वा अध्याय वाचावा. इस्राएलाचा नेता मोशे सासरे इथ्रो यांना सामोरा जातो, त्यांना लवून नमन करतो आणि न्यायदानाचा भार इतरांवर सोपविण्याचा त्यांचा सल्ला मानतो. जावयाने मान घ्यायचा, ही आपली रीत. येथे जावई मान देतो.

संत मत्तयने प्रभू येशूच्या वंशावळीत रूथचे नाव घातले आहे. परक्या मुलखातून आलेल्या एका सुनेला एका घरात 'मुली' अशी हाक मिळाली, तिची ही नोंद होय. सुनेला रूथचा दाखला देण्यापूर्वी सासू-सासऱ्यांनी पहिला अध्याय स्वतःसाठी एकदा वाचावा.