अनुक्रमणिका : पाहण्याची की वाचण्याची?

अलीकडे अनेक लहान नियतकालिकांची अनुक्रमणिका फोटोशॉपमध्ये रचली जाते. पानभर छायाचित्र आणि त्यावर लेखांची शीर्षके, लेखकांची नावे व पृष्ठांक, अशी ही मांडणी असते. पान प्रथमदर्शनी मोहक वाटते. परंतु त्याची पारख करताना आम्ही एकच प्रश्न विचारू इच्छितो : हवा तो लेख वाचकाला येथून चटकन सापडतो काय?

अनुक्रमणिकेचे हे प्रयोजन पुरातन आहे. रोमन ग्रंथकार प्लिनी याने इ. स. ७७ च्या सुमारास आपला ३७ खंडांचा 'निसर्गेतिहास' टायटस याला अर्पण केला. सारा ग्रंथ न वाचताही हवा तो विषय मिळावा, म्हणून त्याने पहिला खंड विषयसूचीलाच दिला. तेथे वाचकाची सोय हेच सौंदर्य होते.

फोटोशॉप १९९० साली बाजारात आले ते छायाचित्रांवर संस्कार करण्यासाठी. चित्र ठिपक्यांचे बनते. मजकूर मात्र रेखीव कडांच्या अक्षरांचा असतो. सर्व स्तर एकत्र करून पान जेपीईजी स्वरूपात छापखान्याकडे धाडले, की अक्षरांचेही ठिपके होतात आणि बारीक पृष्ठांक भुरकट उमटतात. इंचाला ३०० ठिपके धरल्यास ए-४ आकाराच्या पानाला २४८० × ३५०८ ठिपके लागतात. मोबाइलवरून आलेले ६०० ठिपके रुंदीचे चित्र त्या हिशेबाने केवळ २ इंच रुंद भरते. ते पानभर ताणणे म्हणजे त्याची दुर्दशाच. बारीक अक्षरे चार शाईंच्या मिश्रणातून काळी केली आणि छपाईत रंग किंचित जरी सरकले, तरी ती दुहेरी दिसतात. त्यांना निव्वळ काळी शाईच हवी. देवनागरीसाठी योग्य पर्याय निवडला नाही, तर जोडाक्षरे फुटतात व वेलांट्या भलतीकडे जातात, हे आणखी वेगळे.

या साधनाचे गुणही आम्ही नाकारीत नाही. चित्र एका स्तरावर व मजकूर दुसऱ्या स्तरावर ठेवता येतो. चित्र फिके करून अक्षरांना उठाव देता येतो. आमच्या मते, चित्राचे संस्कार फोटोशॉपमध्ये करावेत आणि मजकुराची जुळणी इनडिझाइनसारख्या पृष्ठरचनेच्या साधनात करावी. ते शक्य नसेल, तर मजकुराचे स्तर तसेच राखून पान पीडीएफ स्वरूपात द्यावे.

प्रश्न केवळ तंत्राचा नाही. चित्राला जागा देण्यासाठी बहुधा नवोदिताची कविताच कोपऱ्यात, बारीक टंकात ढकलली जाते. नामवंताला वाचक शोधून काढतो. नवोदिताला मात्र त्या एका ओळीचाच आधार असतो. मंद दृष्टीच्या ज्येष्ठ वाचकालाही पृष्ठांक स्पष्टच हवा. ज्या पानावर या दोघांची गाठ पडत नाही, ते कितीही देखणे असले, तरी अनुक्रमणिका म्हणून ते फसले, असेच आम्ही म्हणू.