विमापत्राची भाषा आणि कानाने वाचणारा वाचक

विम्याचा करार परम सद्भावावर उभा असतो, असे विधिशास्त्र मानते. प्रस्तावकाने स्वतःविषयीची महत्त्वाची कोणतीही गोष्ट दडवू नये, ही त्याची पहिली अट होय. विमा अधिनियम, १९३८ च्या कलम ४५ अन्वये पहिल्या तीन वर्षांत, माहिती दडविल्याच्या कारणावरून, आयुर्विम्याच्या करारास आव्हान देता येते. तेव्हा प्रस्तावपत्रातील प्रश्न स्वतः वाचता येणे ही निव्वळ सोय नव्हे. वसई-विरारसारख्या नगरातील दृष्टिहीन विमेदार लोकलच्या गर्दीतून कचेरी गाठण्याऐवजी घरबसल्या मोबाइलवर विमा घेऊ पाहतो, त्या वेळी त्याला हे वाचन कितपत साधते, याचा विचार म्हणूनच अगत्याचा ठरतो.

कागदी प्रस्तावपत्राला या अडचणीची जाणीव आहे. प्रस्तावक अंगठा उठविणारा असेल, तर मजकूर त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगितल्याचे दुसऱ्याने लिहून द्यावे लागते. संकेतस्थळावर या निवेदनाची जागा बहुधा ‘वाचले व समजले’ अशा आशयाच्या एका चौकटीने घेतली आहे. ती चौकट कोणाच्या बोटाने भरली गेली, हे यंत्रास ठाऊक नसते. दृष्टिहीन माणूस शेजाऱ्याच्या किंवा एजंटाच्या हाती मोबाइल देतो, तेव्हा त्याचा आजार, उत्पन्न, वारसाचे नाव आणि ओटीपी ही सारी एकदमच परस्वाधीन होतात.

पडद्यावरील मजकूर वाणीत उतरविणाऱ्या स्क्रीन रीडरमुळे ही परस्वाधीनता टळावी, अशी अपेक्षा असते. परंतु पान कोणत्या भाषेचे आहे, हे त्याच्या सांकेतिक रचनेत नमूद असावे लागते. मराठी पानावर हिंदीची खूण असली, की ‘प्रतिज्ञापत्र’ ‘प्रतिग्यापत्र’ होते आणि ‘४३’ हा आकडा ‘त्रेचाळीस’ऐवजी ‘तैंतालीस’ असा ऐकू येतो. हप्त्याच्या रकमेत असा घोटाळा हास्यास्पद खरा, पण निरुपद्रवी नव्हे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आयुर्विमा महामंडळाच्या संकेतस्थळाचे मुखपृष्ठ हिंदीत दिसू लागले, तेव्हा मोठा गदारोळ झाला व महामंडळाने तांत्रिक दोषाचे कारण दिले. तो सारा वाद डोळ्यांना दिसणाऱ्या भाषेचा होता. कानाला ऐकू येणाऱ्या भाषेची कोणी वास्तपुस्त केली नाही. मजकूर युनिकोडपूर्व फॉण्टात असेल तर वाणी निरर्थक अक्षरे उच्चारते. विमापत्र छायाचित्ररूप पीडीएफ असेल तर ती मुकीच राहते. विमापत्र परत करण्यासाठी मिळणारे तीस दिवस मात्र चालूच असतात.

कायदा याबाबतीत मागे नाही. दिव्यांगजन हक्क अधिनियम २०१६ चा आहे. त्याखालील नियम १५ मधील मानके केवळ शिफारसवजा असून अधिनियमाशी विसंगत आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात ठरविले. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवांचा लाभ हा अनुच्छेद २१ चाच भाग मानला गेला. ओळख पटविताना पापणी लवविण्याची सक्ती करू नये, हेही त्याच निर्णयाने सांगितले.

तथापि पानाची रचना निर्दोष झाली, तरी वाक्यरचनेचा प्रश्न उरतोच, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले आहे. ‘प्रस्तावापूर्वी निदान झालेल्या अथवा लक्षणे दिसून आलेल्या कोणत्याही व्याधीच्या उपचारार्थ झालेला खर्च, अन्यथा नमूद केल्याखेरीज, देय असणार नाही’ या धाटणीचे वाक्य घ्यावे. मराठीत क्रियापद शेवटी येते व नकार त्याच्याही मागून. डोळ्याने वाचणारा आधी शेवट पाहतो, मग मध्याकडे वळतो. कानाने वाचणाऱ्याला तसे करता येत नाही. खर्चाची यादी तो मिळणाऱ्या रकमेची यादी म्हणूनच ऐकत जातो, आणि ‘नाही’ हा शब्द येईतो पूर्वार्ध स्मरणातून निसटलेला असतो. घरी वाडवळी वा सामवेदी बोलणाऱ्या वसईकराला ‘देय’, ‘अन्यथा’ हे शब्दही परकेच. ज्याची पहिली भाषा खुणांची आहे अशा कर्णबधिर विमेदाराची अडचण याहून वेगळी आहे. लिखित मराठी त्याला दुसरी भाषा म्हणूनच भेटते.

यावरचा उपाय व्याकरणातच आहे. ‘पुढील खर्च मिळणार नाही’ हे वाक्य आधी पूर्ण करावे, मग एकेक बाब स्वतंत्र वाक्यात सांगावी. विमा नियामकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये दिव्यांगांसाठी आरोग्यविमा उपलब्ध करून देणे कंपन्यांवर बंधनकारक केले. त्या विमापत्रांचे मसुदे दृष्टिहीन वाचकाकडून एकदा ऐकवून तपासून घेणे हे काही मोठे खर्चाचे काम नव्हे.