मांडणीच्या भाषेतील शर्त आणि रकाना : 'गिट'च्या दोन व्याकरणांची चिकित्सा

कमांड लाइनवरील प्रत्येक साधनाला आपले उत्तर मांडताना दोन प्रश्न सोडवावे लागतात. एखादी बाब केव्हा छापावयाची, हा पहिला. आणि छापली तर ती कोठे उभी करावयाची, हा दुसरा. १९५७ साली प्रसृत झालेल्या फोरट्रान भाषेतील 'फॉरमॅट' विधानाने दुसऱ्या प्रश्नाचा भार उचलला. पहिला मूळ आज्ञावलीकडेच राहिला. परंतु मांडणी ठरविण्याचा अधिकार साधन वापरणाऱ्यास दिला, की मूळ आज्ञावली त्याच्या हाती नसते. मग शर्त आणि रकाना या दोहोंची सोय मांडणीच्या छोट्याशा भाषेतच करावी लागते. अशी सोय कशी करावी व कशी करू नये, या दोन्ही गोष्टींचे उदाहरण 'गिट' या एकाच साधनात आढळते.

'गिट'मध्ये या कामासाठी दोन व्याकरणे नांदतात. 'लॉग' आज्ञेचे व्याकरण चिन्हप्रधान आहे. २०१३ सालच्या १.८.३ या आवृत्तीत त्यात रकान्यांची सोय आली : टक्क्याच्या खुणेपुढे डावीकडे टोक असलेला कोन व कंसात संख्या लिहिली, की पुढील एकाच घटकाला किमान तितके रकाने मिळतात. शर्तही चिन्हांनीच सांगितली जाते. अधिक चिन्ह घातल्यास घटक रिक्त नसेल तरच त्याआधी नवी ओळ येते. उणे चिन्ह घातल्यास घटक रिक्त असता त्याच्या लगतपूर्वीच्या नव्या ओळी गाळल्या जातात. येथे संक्षेप आहे, पण स्पष्टता नाही. सी भाषेतील 'प्रिंटएफ'मध्ये हेच उणे चिन्ह मजकूर डावीकडे सरकविते. त्या भाषेत मुरलेल्या वाचकाला तेच चिन्ह येथे वेगळाच अर्थ सांगते. शिवाय नियम एकाच घटकापुरता असल्यामुळे नाव व दिनांक मिळून एक रकाना करणे या नियमाने साधत नाही.

'फॉर-ईच-रेफ' आज्ञेचे व्याकरण शब्दप्रधान आहे. २०१६ च्या २.७ या आवृत्तीत त्यात 'अलाइन' आले, २०१७ च्या २.१३ मध्ये 'इफ', 'देन', 'एल्स' आले. दोन्ही रचना 'एंड'ने मिटतात. आरंभ व शेवट लिहिलेला असल्यामुळे नियमाचे क्षेत्र वाचकास दिसते, आणि एका रचनेत दुसरी बसविता येते. ज्या शाखेला दूरची जोडशाखा नाही तिच्यापुढे रिकामा चौकोनी कंस उमटू नये, ही साधी अपेक्षा येथे सरळपणे मांडता येते. वाक्य लांबते, हे खरे. परंतु ही लांबी निरर्थक नव्हे.

तथापि हे व्याकरणही निर्दोष नाही. 'इफ' व 'देन' यांच्यामध्ये काही मजकूर उमटला तर शर्त खरी, असा त्याचा नियम आहे. चालू शाखा दर्शविणारा 'हेड' हा घटक इतर शाखांपुढे मोकळी जागा उमटवितो. म्हणून शर्त तपासताना मोकळ्या जागेकडे दुर्लक्ष करावे, अशी तरतूद करण्यात आली. मूळ दोष घटकाच्या घडणीत होता, त्याचे परिमार्जन मात्र शर्तीच्या व्याख्येत झाले. एका घटकाच्या सोयीसाठी सर्वांना लागू होणारा नियम वाकविणे हे व्याकरणकाराचे यश म्हणता येणार नाही. मजकूर रकान्यापेक्षा लांब झाला, तर 'अलाइन' त्याला हात लावत नाही, आणि पुढील रकाने ढळतात. 'लॉग'चे व्याकरण येथे अधिक उदार ठरते : मजकूर आरंभी, मध्ये की शेवटी छाटावयाचा, हे ते वापरणाऱ्यास ठरवू देते.

रकाना म्हणजे नेमके काय, हा प्रश्न या सर्वांच्या मुळाशी आहे. 'पुणे' हा शब्द यूटीएफ-८ मध्ये १२ बाइट्सचा असून त्यात ४ संकेत आहेत. उकार व एकार स्वतंत्र जागा घेत नसल्यामुळे पडद्यावर तो २ रकाने व्यापतो. दहा रकान्यांची जागा मागितली असता बाइट्स मोजणारे 'प्रिंटएफ' एकही मोकळी जागा जोडीत नाही. संकेत मोजणारी पायथॉनची 'फॉरमॅट' पद्धत ६ जोडते. 'गिट'ची दोन्ही व्याकरणे पडद्यावरील रुंदी मोजतात व ८ जोडतात. देवनागरी नावांची यादी सरळ उभी राहते ती केवळ या शेवटच्या पद्धतीत. जोडाक्षराला किती रकाने द्यावयाचे याबाबत टर्मिनल व रुंदीचे कोष्टक यांचे एकमत असेलच असे नाही, ही मर्यादा मात्र उरतेच.

यावरून असा निष्कर्ष निघतो की, चिन्हे थोडी असावीत की शब्द, हा वाद दुय्यम आहे. शर्तीचे क्षेत्र वाचकास दिसावे, एका घटकाची अडचण सर्व व्याकरणावर लादली जाऊ नये, आणि लांबीचे माप वाचणाऱ्याच्या डोळ्याचे असावे, संगणकाच्या साठवणुकीचे नसावे. या तीन कसोट्यांपैकी तिसरी रोमन लिपीत काम करणाऱ्यांना क्वचितच जाणवते. देवनागरी लिहिणाऱ्यांना ती पहिल्याच ओळीला जाणवते.