एका गाळलेल्या शब्दाची गोष्ट

कथा-कवितेची समीक्षा होते, तशी व्याख्येचीही व्हायला हवी. दिवसभर कोडमधल्या अटी वाचत असल्यामुळे कुठलीही व्याख्या समोर आली की मला पहिला प्रश्न पडतो: ही अट तपासायची कशी?

प्रजातीची सगळ्यात गाजलेली व्याख्या अर्न्स्ट मायर यांची, १९४२ची. तिचा आशय असा: जे नैसर्गिक समूह प्रत्यक्षात किंवा संभाव्यतः आपसांत प्रजनन करतात आणि इतरांशी करत नाहीत, त्यांची मिळून एक प्रजाती. व्याख्या देखणी आहे. रंग-रूपावर न थांबता ती प्राण्यांच्या आपसातल्या नात्याकडे बघते. पण ‘संभाव्यतः’ हा शब्द खटकतो. शेकडो किलोमीटर दूर राहणारे दोन कळप भेटलेच असते, तर जुळले असते का? कोण सांगणार? १९६९पर्यंत मायर यांनीच तो शब्द गाळला. वाक्य नेटकं झालं, प्रश्न मात्र तिथंच राहिला. जीवाश्म आणि लैंगिक प्रजनन न करणारे जीव तर पहिल्यापासूनच या व्याख्येच्या दाराबाहेर उभे आहेत.

जोएल क्रेक्राफ्ट यांनी १९८३मध्ये वेगळी अट घातली: एकाच वंशपरंपरेतला, वेगळा ओळखता येईल असा सर्वांत लहान गट म्हणजे प्रजाती. ही अट तपासता येते. पण डीएनए जितका बारकाईनं वाचावा, तितके फरक सापडत जातात. मग थांबायचं कुठं?

जिराफाचं बघा. बराच काळ जिराफ ही एकच प्रजाती मानली जाई. २०१६मध्ये संशोधकांनी डीएनएच्या आधारे चार प्रजाती असल्याचं मांडलं; रानात हे गट एकमेकांत फारसे मिसळत नाहीत. प्राणिसंग्रहालयांत मात्र वेगवेगळ्या गटांतल्या जिराफांना पिल्लं झाली आहेत. म्हणजे ‘संभाव्यतः’ ठेवला तर एक म्हणायला वाव, गाळला तर चार!

हा नुसता शब्दांचा कीस नाही. आफ्रिकेतले एक लाखाहून अधिक जिराफ एकाच नावाखाली मोजले, तर आकडा धीर देतो. चार नावं केली की उत्तरेकडच्या जिराफाच्या वाट्याला जेमतेम काही हजार उरतात.

मायर यांची व्याख्या मला अपुरी वाटते, टाकाऊ नाही. ती दोन गटांमधली भिंत शोधते, क्रेक्राफ्ट यांची व्याख्या खुणा शोधते. म्हणून ‘अमुक प्रजाती सुरक्षित’ अशी बातमी स्क्रीनवर आली, तर किती मोजले हे नंतर विचारा. आधी विचारा, कुठल्या व्याख्येनं मोजले?