अश्लील वाङ्मय आणि सरकारचा दंड

अश्लील वाङ्मयास व चित्रांस सरकारने आळा घालावा काय, आणि त्यापासून होणाऱ्या अपायाची प्रजेस सूचना द्यावी काय, हा प्रश्न अलीकडे सुशिक्षित कुटुंबांतून पुन्हा पुन्हा विचारला जातो. पूर्वी हा प्रश्न पुस्तकांच्या दुकानापुरता होता. आता तो घरातील प्रत्येक खोलीत शिरला आहे. ज्या वस्तूसाठी एके काळी एखाद्यास मुंबईच्या पदपथावर चोरट्या नजरेने उभे राहावे लागे, ती वस्तू आज मालवण-वेंगुर्ल्याच्या आडगावातील बारा वर्षांच्या मुलासही हातातील फोनवर विनासायास मिळते. अशा वेळी पालकांचा जीव कासावीस व्हावा आणि त्यांनी सरकारकडे पाहावे, हे स्वाभाविक आहे. परंतु स्वाभाविक तेवढे सर्व योग्य असतेच असे नाही. म्हणून ह्या प्रश्नाचा विचार आपल्याच भाषेतील अनुभवाच्या आधाराने करावा, असे आम्हांस वाटते. तो अनुभव मराठी वाचकांस पुष्कळ आहे. मात्र आपण तो विसरलो आहो.

प्रथम रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांचे उदाहरण घेऊ. संततिनियमनाचा प्रचार सोडण्यापेक्षा विल्सन कॉलेजातील प्राध्यापकी सोडणे ज्यांनी पसंत केले, त्या कर्व्यांनी 1927 च्या जुलैत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले आणि 1953 साली मृत्यू येईपर्यंत ते चालविले. ह्या मासिकावर 1931 साली अश्लीलतेचा पहिला खटला झाला. व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल त्यांस शंभर रुपये दंड झाला आणि वरिष्ठ न्यायालयातही दाद लागली नाही. दुसरा खटला 1934 साली झाला, तो वाचकांच्या प्रश्नांस दिलेल्या उत्तरांबद्दल. ह्या खटल्यात कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. लैंगिक प्रश्नांची चर्चा करणे हाच ज्या मासिकाचा उद्देश, त्याने वाचकांच्या शंकांस उत्तरे द्यावयाची नाहीत तर करावयाचे काय, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. न्यायालयास तो पटला नाही आणि कर्व्यांस दोनशे रुपये दंड भरावा लागला.

ह्या दोन दंडांचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. कर्वे लोकांच्या वासना चाळवून पैसा मिळवीत नव्हते. उलट ह्या मासिकापायी ते पदरचे घालीत होते. मुखपृष्ठावर ते नग्न स्त्रीचे चित्र छापीत, ही गोष्ट अनेकांस खटकली असेल. ती खटकण्याचा वाचकास अधिकारही आहे. परंतु खटले झाले ते मजकुराबद्दल, आणि मजकूर होता तो अज्ञानाने, भयाने व खोट्या वैद्यकाने पिडलेल्या माणसांस शास्त्रीय माहिती देण्याचा. आज ज्यास आपण अपायाची सूचना म्हणतो, तीच कर्वे देत होते, आणि सूचना देणाऱ्यासच सरकारने दंड केला. त्याच काळात मुंबईच्या बाजारात खरोखर गलिच्छ पुस्तके विकली जात नव्हती, असे कोणीही म्हणणार नाही. ती लिहिणारे निनावी असत आणि सापडत नसत. कर्वे मात्र आपले नाव व पत्ता छापीत, म्हणून सापडले. अश्लीलतेच्या कायद्याचा हा जुना स्वभाव आहे. त्याचे जाळे असे विणलेले असते की मोठी मासळी तळाशी सुखाने पोहते आणि वर उजेडात आलेली तेवढी अडकते.

हा स्वभाव कायद्यास कोठून आला, हेही पाहण्याजोगे आहे. इंग्लंडात 1868 साली हिक्लिन खटल्यात सरन्यायाधीश कॉकबर्न ह्यांनी एक कसोटी घालून दिली. ज्यांची मने अशा गोष्टींनी बिघडण्याजोगी आहेत आणि ज्यांच्या हाती ते लिखाण पडण्याचा संभव आहे, त्यांस भ्रष्ट करण्याकडे त्याचा कल आहे काय, एवढेच पाहावयाचे. म्हणजे समाजातील सर्वांत दुबळ्या मनाचा मनुष्य हाच साऱ्या वाङ्मयाचा परीक्षक झाला! गंमत अशी की ज्या पत्रकामुळे ही कसोटी जन्मास आली, ते मुळात रोमन कॅथलिक धर्मगुरूंविरुद्धचे प्रचारपत्रक होते. ही कसोटी आपल्याकडे आली आणि स्वातंत्र्यानंतरही राहिली. ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ ही कादंबरी इंग्लंडात 1960 साली निर्दोष ठरली असतानाही ती विकल्याबद्दल मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याची शिक्षा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1964 साली कायम केली, ती ह्याच कसोटीच्या आधारे.

मराठी लेखकांस ह्या कसोटीचा ताप बराच झाला. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ ह्या संग्रहावर खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. चंद्रकांत काकोडकर ह्यांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकात आली. ती मुंबई उच्च न्यायालयास अश्लील वाटली आणि 1969 साली सर्वोच्च न्यायालयास तशी वाटली नाही. एकच कथा, एकच कायदा, आणि दोन विद्वान न्यायालयांची दोन मते! सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालात एक शहाणपणाची गोष्ट सांगितली. कामविषयाचा उल्लेख आला एवढ्यावरून कादंबरी तरुणांस वर्ज्य ठरवू लागलो तर त्यांस केवळ धर्मग्रंथच वाचावे लागतील, असा तिचा आशय होता. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन शास्त्र, वाङ्मय, कला व विद्या ह्यांच्या हितार्थ केलेल्या प्रकाशनास अपवाद मिळाला. कर्व्यांच्या वेळी हा अपवाद असता तर! पुढे 2014 साली अवीक सरकार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हिक्लिनची कसोटी बाजूस ठेवून त्या त्या काळच्या समाजाची रीत हे माप धरले. 2024 च्या 1 जुलैपासून भारतीय न्याय संहिता अमलात आली. तिच्या 294 व्या कलमात जुनी व्याख्याच बव्हंशी राहिली असून आता तीत इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील मजकुराचाही समावेश झाला आहे.

समाजाची रीत हे माप जरी मानले, तरी ती रीत आहे कशी? आमच्या सिंधुदुर्गाकडेच पाहावे. मालवणी बोलीत शिवी हा सलगीचा अलंकार आहे. शिमग्यात येथे रोंबाट निघते. त्यातील सोंगांची व आरोळ्यांची भाषा घाटावरच्या पाहुण्याने ऐकली तर तो कानांवर हात ठेवील. जत्रेच्या रात्री दशावतारात संकासुर भटजीशी जी सवाल-जबाबाची थट्टा करतो, तीत सोवळे थोडेच असते. गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ 1980 साली रंगभूमीवर आले आणि रेवंडीच्या मच्छिंद्र कांबळींनी त्याचे हजारो प्रयोग केले. ती भाषा ऐकून आजीपासून नातवापर्यंत सारे कुटुंब पोट धरधरून हसले, आणि कोणी बिघडल्याचे ऐकिवात नाही.

असे का व्हावे? आमच्या मते ह्याचे कारण असे, की ह्या सर्व मोकळीकीस स्थळ, काळ आणि संगत ह्यांची मर्यादा होती. शिमग्यातील शब्द शिमगा सरला की मांडावर ठेवून घरी यावयाचे. दुसरे दिवशी तोच शब्द कोणी पाणवठ्यावर उच्चारला तर गावकरी त्याची कानउघाडणी करीत. संकासुर बोले तो देवळासमोर, साऱ्या गावाच्या देखत. ह्या जुन्या रीतीत दोष नव्हते असे मात्र नाही. थट्टेचा विषय बहुधा स्त्रीच असे, आणि तिला उत्तर देण्याची मुभा नसे. हे विसरून गतकाळाचे गोडवे गाणे आम्हांस मान्य नाही. परंतु मर्यादा कशी असावी ह्याचे ज्ञान त्या समाजास होते, हे खरे. आजच्या फोनवरील अश्लील चित्रफितीस स्थळ नाही, काळ नाही आणि संगतही नाही. ती मध्यरात्री एकट्या मुलासमोर उभी राहते. तेथे हसणारा गाव नाही आणि दटावणारा वडीलही नाही.

येथे वाङ्मयाच्या अभ्यासकास दोन शब्द बोलण्याचा अधिकार आहे. कामवर्णन केले एवढ्याने लिखाण हीन होत नाही. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचे जयवंत दळवी ह्यांनी ‘चक्र’ कादंबरीत झोपडपट्टीतील भुकेचे व वासनेचे जे चित्र काढले ते सौम्य नाही; पण तेथील प्रत्येक स्त्री-पुरुषास पोट आहे, भीती आहे, उद्याची चिंता आहे. त्यांच्या कृतीचे परिणाम त्यांस भोगावे लागतात. अश्लील व्यापारी मालात ह्याच्या नेमके उलट असते. तेथे माणसास नाव नसते, गाव नसते, लाज नसते आणि नकारही नसतो. कोणी थकत नाही, कोणी रडत नाही, कोणास दिवस जात नाहीत. माणसाची वस्तू करून दाखविणे हाच त्या मालाचा खरा दोष होय. नग्नता हा नव्हे. परंतु ही कसोटी टीकाकाराची आहे, आणि ती दंडाधिकाऱ्याच्या हाती देऊ नये. रुचीचा निवाडा तुरुंगाच्या भयाने होऊ लागला की काय होते, ते कर्व्यांच्या उदाहरणाने आपण पाहिलेच.

मग सरकारने स्वस्थ बसावे काय? मुळीच नाही. सरकारचे क्षेत्र आम्ही दोन शब्दांत सांगू: संमती आणि वय. ज्या चित्रफितीत एखाद्या मुलाचा वा मुलीचा छळ आहे, ते वाङ्मयही नव्हे आणि विचारस्वातंत्र्यही नव्हे. तो घडलेल्या गुन्ह्याचा पुरावा होय. 2024 च्या 23 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने अशा चित्रणाविषयी कडक निर्णय देताना त्यास पोर्नोग्राफी हे नावच देऊ नये, बालकांच्या लैंगिक शोषणाचे साहित्य म्हणावे, असे सुचविले. ते सर्वस्वी योग्य आहे. तद्वतच एखाद्या स्त्रीचे खाजगी चित्र तिच्या इच्छेविरुद्ध पसरविणाऱ्याची गय होता कामा नये. येथे प्रश्न पाहणाऱ्याच्या नीतीचा नसून जिचे चित्र आहे तिच्या अब्रूचा आहे. ह्यासाठी कायदे आहेत. त्यांची अंमलबजावणी तालुक्याच्या ठाण्यापर्यंत पोचणे, आणि तक्रार घेऊन आलेल्या मुलीकडे तेथे आरोपीसारखे पाहिले न जाणे, ही खरी निकड आहे.

घाऊक बंदीचा उपाय मात्र आपल्या सरकारने करून पाहिला आहे. 2015 साली 857 संकेतस्थळे बंद करण्याची आज्ञा निघाली. गवगवा होताच थोड्याच दिवसांत ती सैल करावी लागली. 2018 साली उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशावरून 827 स्थळे पुन्हा बंद झाली. त्यानंतर हा माल दुर्मिळ झाला असे कोणत्या पालकास वाटते? एक दार लावले की दुसऱ्या नावाने दुसरे उघडते. वयाची खातरजमा करण्याचा मार्ग ह्याहून सयुक्तिक आहे. ब्रिटनने तो 2025 च्या जुलैपासून अमलात आणला, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी टेक्सस राज्याचा तसा कायदा ग्राह्य ठरविला. ह्यात प्रौढांच्या खाजगीपणास धोका आहे, आणि हुशार मुले पळवाटा काढतात, हेही खरे. तथापि दुकानदाराने गिऱ्हाईकाचे वय पाहावे, ह्यात तत्त्वतः अन्याय नाही.

आता सूचनेचा प्रश्न. तंबाखूच्या पाकिटावर जशी सूचना असते तशी येथेही असावी, असे पुष्कळ जण म्हणतात. परंतु तंबाखूची सूचना खरी आहे म्हणून तिला वजन आहे. टेक्ससच्या त्याच कायद्यात आरोग्यविषयक सूचना छापण्याची सक्ती होती. ती मात्र तेथील अपील न्यायालयाने 2024 साली टिकू दिली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत, जी 2022 पासून लागू झाली, अनिवार लैंगिक वर्तनाचा विकार नोंदविलेला आहे. पण तेथेच असेही म्हटले आहे की केवळ नैतिक अपराधभावनेने होणारे दुःख म्हणजे हा विकार नव्हे. हा विवेक सरकारने राखला पाहिजे. शास्त्राने जेवढे सिद्ध केले तेवढेच सांगावे. भय दाखविण्यासाठी एक अक्षरही वाढवू नये. मुलांस अतिशयोक्ती चटकन ओळखू येते, आणि एकदा ती ओळखली की ती खऱ्या सूचनेवरही विश्वास ठेवीत नाहीत. वीर्यनाशाच्या भयाने मराठी तरुणांच्या कित्येक पिढ्या खंगल्या. नव्या नावाने तेच भय पुन्हा विकू नये.

आणि सूचना देणाऱ्याने आधी बोलण्यास शिकले पाहिजे. 2007 साली महाराष्ट्रासह काही राज्यांनी शाळांतील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम नाकारला. जे सांगावयाचे ते शाळेत सांगू दिले नाही, घरात तर त्याचा उच्चारही नाही. मग फोन हाच त्या मुलाचा गुरू झाला, तर दोष एकट्या फोनचा कसा? ज्या मुलास शरीर, संमती व आदर ह्यांविषयी आईबापांकडून वा शिक्षकांकडून सरळ शब्दांत कळले आहे, त्यास चित्रफितीतील खोटेपणा आपोआप दिसतो. ज्यास काहीच कळले नाही, त्यास ती चित्रफीत हेच सत्य वाटते, आणि त्याची किंमत पुढे त्याच्या पत्नीस मोजावी लागते.

आमचे मत थोडक्यात असे. बालकांचे शोषण व संमतीचा भंग ह्यांवर सरकारने कठोर प्रहार करावा. वयाची अट घालावी. सूचना द्यावयाची ती खरी आणि मोजकी द्यावी. आणि प्रौढ वाचकाच्या रुचीचा निवाडा टीकेवर व शिक्षणावर सोपवावा. शाळांतून ह्या विषयाचे दार उघडणे हे सरकारचे काम आहे; घरातून ते उघडणे हे आपले. कर्व्यांनी सव्वीस वर्षे जे प्रश्न एकट्याने ऐकून घेतले, ते आज प्रत्येक घरात विचारले जाण्याची वाट पाहत आहेत. त्यांस उत्तर देणाऱ्यास आता दंड होत नाही. तरीही वडील मंडळी गप्प राहतील, तर त्याचे खापर कोणत्याही सरकारच्या माथी फोडता येणार नाही.