रतामाच्या झुडपाखालीं

आपल्या चरित्रग्रंथांत, आणि त्याहूनहि अधिक आपल्या शोकसभांत, एक उपमा फार लाडकी आहे. अमुक गृहस्थ चंदनाप्रमाणें झिजले, असें म्हटलें कीं वक्ता कृतकृत्य होतो व श्रोते माना डोलावितात. कांहीं वर्षांपूर्वीं एका सहाध्यापकाच्या शोकसभेंत प्रस्तुत लेखकानेंहि तिचाच आश्रय केला. सभा संपल्यावर त्यांच्या पत्नी जवळ आल्या आणि हलक्या आवाजांत म्हणाल्या, “चंदन आपण होऊन झिजत नाहीं, सर. कुणाला तरी तें उगाळावं लागतं.” यावर माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. त्यांच्यावर रविवारचीं कामें लादणाऱ्यांत मीहि एक होतों.

त्या वाक्याचा विचार करीत असतां मला एका जुन्या कथेची आठवण झाली. बायबलाच्या जुन्या करारांतील ‘राजे’ या नांवाच्या पहिल्या ग्रंथांत, १९ व्या अध्यायांत, ती आहे. मी ख्रिस्ती नाहीं; इंग्रजी वाङ्मय शिकविणारास बायबलाच्या दारावरून तसेंच पुढें जातां येत नाहीं, आंत डोकावावेंच लागतें, एवढाच माझा त्या ग्रंथाशीं संबंध. परंतु थकलेल्या माणसाचें इतकें अचूक चित्र मीं क्वचितच पाहिलें आहे.

इस्राएलाचा राजा अहाब व त्याची राणी ईजबेल यांनीं बआल दैवताच्या पूजेस आश्रय दिला, तेव्हां एलीया हा संदेष्टा त्यांच्याविरुद्ध उभा राहिला. कर्मेल पर्वतावर त्यानें बआलाच्या ४५० संदेष्ट्यांस एकट्यानें आव्हान दिलें, तो विजयी झाला, आणि त्यानंतर भर पावसांत राजाच्या रथापुढें इज्रेलपर्यंत धांवत गेला. पुढच्याच अध्यायांत राणीची धमकी येतांच हाच पुरुष जीव घेऊन पळतो. बैर-शेबा येथें तो आपल्या चाकरास मागें ठेवतो, एक दिवसाची वाट एकटाच अरण्यांत चालतो, रतामाच्या झुडपाखालीं बसतो आणि देवाजवळ मरण मागतो.

न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनीं १९७४ मध्यें सेवाभावी कार्यकर्त्यांच्या ज्या अवस्थेचें ‘बर्नआउट’ या नांवानें वर्णन केलें, ती हीच. मनुष्य आंतून जळून रिता होणें, असा त्या शब्दाचा भावार्थ आहे. पुढें क्रिस्टिना मॅस्लॅक यांनीं तिचीं तीन अंगें सांगितलीं: शक्तीचा क्षय, ज्यांच्यासाठीं काम करावयाचें त्यांच्याविषयींच कडवटपणा, आणि आपल्या हातून कांहींच झालें नाहीं ही भावना. एलीयाच्या ठायीं हीं तिन्ही आहेत. तो गळून निजतो. सारे लोक फितले, मी एकटाच उरलों, असें म्हणतो. आणि आपण आपल्या पूर्वजांपेक्षां कांहीं चांगले नाहीं, अशी कबुली देतो. कथाकारानें कोठेंहि त्याच्या मनाचें विश्लेषण केलेलें नाहीं. झुडूप, झोंप आणि दोन-तीन वाक्यें, एवढ्यांत त्यानें हें साधलें आहे.

या मनुष्यास देव काय देतो, हें पाहण्यासारखें आहे. उपदेश देत नाहीं, श्रद्धा कमी पडली असा ठपकाहि ठेवीत नाहीं. देवदूत येऊन त्याला स्पर्श करतो व खावयास सांगतो. उशाशीं निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाण्याचें भांडें असतें. तो खातो आणि पुन्हां निजतो. त्या दुसऱ्या झोंपेलाहि कोणी हरकत घेत नाहीं. पुन्हां उठवून, वाट तुझ्या शक्तीपलीकडची आहे, असें सांगून त्याला दुसऱ्यांदा जेवूं घातलें जातें. त्यानंतर चाळीस दिवसांचा प्रवास होतो, आणि होरेब पर्वतावर ईश्वराचा प्रश्न येतो.

प्रवचनकारांविषयीं माझी तक्रार येथेंच आहे. ते रथापुढील धांवेवर रेंगाळतात, होरेबावरील वादळ, भूकंप व अग्नि यांच्यानंतर आलेल्या मंद वाणीवरहि रेंगाळतात. मधली भाकर मात्र घाईनें ओलांडतात. कथाकारानें तशी घाई केलेली नाहीं. शरीर हें आत्म्याचें वाहन असून त्याला चाबूक मारला कीं तें पळतें, ही समजूत त्याला मान्य दिसत नाहीं. शरीर, मन व श्रद्धा यांचा मनुष्य एकच आहे, आणि त्याच्या शुश्रूषेचा आरंभ कधीं कधीं चुलीपासूनच करावा लागतो.

पण भाकर व झोंप यांवरच कथा थांबती तर ती आरोग्याची एक उत्तम सूचना ठरली असती, यापलीकडे कांहीं नाहीं. होरेबावर एलीयाला तोच प्रश्न दोनदां विचारला जातो आणि तो दोन्ही वेळां तेंच उत्तर, त्याच शब्दांत, देतो. थकलेलें मन घाण्याच्या बैलासारखें त्याच रिंगणांत कसें फिरतें, तें या पुनरुक्तींत दिसतें. ईश्वर वाद घालीत नाहीं. तो पुढचें काम सांगतो, त्यांतच अलीशाला आपल्या जागीं अभिषेक करण्यास सांगतो, आणि बआलापुढें गुडघे न टेकलेले सात हजार लोक आहेत हें कळवितो. म्हणजे ‘मी एकटाच’ हा हिशेब सात हजारांनीं चुकला होता! कार्य आपल्यावांचून अडेल, ही समजूत निष्ठेसारखी दिसते; वस्तुतः ती अश्रद्धाच आहे. जगाचा भार दुसऱ्या कोणावर तरी आहे असें ज्याला मनापासून वाटतें, तोच रात्रीं निर्धास्त निजूं शकतो. नव्या करारांत वादळांतील नावेंत येशू उशी घेऊन निजलेला आहे, आणि ज्यांना जेवावयासहि सवड उरली नव्हती त्या शिष्यांना तो एकांतांत विसांवा घेण्यास बोलावतो, तेंहि याच धोरणानें.

यावर रास्त आक्षेप असा, कीं विश्रांति ही सुस्थितांची चैन आहे. भाकर भाजणाऱ्याला कोण निजूं देतो? आपल्या घरांतून हा प्रश्न स्त्रियांनीं कधींच विचारावयास हवा होता. ‘अनुवादा’च्या ५ व्या अध्यायांतील शब्बाथाची आज्ञा मला म्हणूनच मोलाची वाटते. ती धन्याबरोबर दास, दासी, बैल व गाढव या सर्वांस विसांवा देते, आणि तुम्ही स्वतः मिसरांत गुलाम होतां, हें त्याचें कारण सांगते. येथें विश्रांति हा न्याय आहे. स्वतःची काळजी घेण्याचा जो उपदेश आज सर्वत्र ऐकूं येतो, त्यांत नेमका हाच अर्धा भाग गळालेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ मध्यें बर्नआउटची गणना रोगांत न करतां, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या दीर्घ ताणाशीं त्याचा संबंध जोडला. दोष केवळ झिजणाऱ्याचा नाहीं, असाच त्याचा अर्थ.

आपल्याकडील एक उदाहरण घेऊं. पंडिता रमाबाईंनीं संपूर्ण बायबल सोप्या मराठींत आणण्याचें काम ५ एप्रिल १९२२ रोजीं झालेल्या मृत्यूपूर्वीं पुरें केलें. हें सांगतांना आपली लेखणी लगेच चंदनाकडे वळते. रमाबाईंचें सामर्थ्य वादातीत आहे. परंतु केडगांवच्या मुक्तिसदनांत त्यांची कन्या मनोरमा वर्षानुवर्षें त्यांचा उजवा हात होती, आणि तेथील छापखान्यांत आश्रमांतल्याच स्त्रियांचे हात राबत होते. एका व्यक्तीच्या झिजण्यास भुललेल्या चरित्रकाराला हे हात दिसत नाहींत, आणि मग वाचकांची नवी पिढीहि एकट्यानेंच झिजूं पाहते.

त्या बाईंना आज मी काय सांगेन? उपमा माझ्या तोंडीं शोभणारी नव्हती, हें प्रथम सांगेन. झुडपाखालीं निजलेल्या माणसाजवळ कोणी तरी भाकर घेऊन जावयास हवें होतें. आम्ही गेलों ते हातांत सहाण घेऊन.